जेफर्सन कागदपत्रे

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा प्रमुख लेखक आणि अ. सं. सं.चा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन (१३ एप्रिल १७४३ – ४ जुलै १८२६) याच्या खाजगी व सार्वजनिक लेखनाचा, पत्रव्यवहाराचा व हिशेबवह्यांचा संग्रह. अमेरिकन क्रांतीच्या पिढीतील मुत्सद्द्यांनी मागे ठेवलेल्या दप्तरांत हे दप्तर विस्ताराने व विषयांच्या विविधतेने अग्रगण्य मानले जाते. जेफर्सनने आयुष्यात सु. १९,००० पत्रे लिहिली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांशिवाय त्याला आलेली पत्रे, राज्यकारभारातील टिपणे, कायद्यांचे मसुदे, वास्तूंचे आराखडे, हवामानाच्या नोंदी, बागेच्या व शेतीच्या वह्या आणि दैनंदिन जमाखर्च यांचा या संग्रहात समावेश होतो. मूळ कागद आज एका ठिकाणी नाहीत. सु. २५,००० कागदपत्रांचा सर्वांत मोठा भाग वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून महत्त्वाचे खाजगी कागद बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठ आणि इतर संस्थांकडेही लहानमोठे संग्रह आहेत.

या कागदपत्रांचे महत्त्व केवळ एका थोर पुरुषाच्या चरित्राची साधने एवढेच नाही. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे तत्त्व ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने आपल्या मालकीच्या गुलामांची यादीही लिहून ठेवली आणि हे दोन्ही कागद जपून ठेवले. त्यामुळे अमेरिकन प्रजासत्ताकाची ध्येये आणि त्याचे प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर मोजण्याचे एक साधन म्हणून इतिहासकार या दप्तराकडे पाहतात.

पार्श्वभूमी : जेफर्सनचा जन्म व्हर्जिनियातील शॅडवेल येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. १ फेब्रुवारी १७७० रोजी शॅडवेलचे घर आगीत भस्मसात झाले. त्यात त्याची बहुतेक पुस्तके आणि वकिलीची व खाजगी कागदपत्रे नष्ट झाली. त्याच्या तारुण्यातील विचारांची साधने तुटपुंजी आहेत, याचे हे मुख्य कारण होय. पुढे क्रांतियुद्धाच्या काळात व्हर्जिनियातील अनेक सरकारी दप्तरे ब्रिटिश फौजांच्या स्वाऱ्यांत नाश पावली. या अनुभवांमुळे कागद जपण्याविषयी तो कमालीचा दक्ष झाला. व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्यांच्या दुर्मिळ प्रती त्याने शोधून जमविल्या. जुन्या दस्तऐवजांचे संकलन करणाऱ्या एबेनीझर हॅझर्ड याला १७९१ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने आपले मत मांडले आहे. ऐतिहासिक कागद कुलूपबंद तळघरांत ठेवल्याने वाचत नाहीत. त्यांच्या प्रती वाढवून त्या अनेकांच्या हाती दिल्या, तरच अपघातापासून त्यांचे रक्षण होते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या स्वतःच्या दप्तराच्या बाबतीत हे प्रतिपादन पुढे शब्दशः खरे ठरले.

नकलांची साधने : त्या काळी पाठविलेल्या पत्राची नक्कल ठेवावयाची, तर ती कारकुनाकडून किंवा स्वतःच पुन्हा लिहून काढावी लागे. बाष्पयंत्राचा सुधारक जेम्स वॉट याने १७८० मध्ये नक्कल काढण्याच्या दाबयंत्राचे एकस्व मिळविले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या ताज्या पत्रावर ओलसर केलेला तलम कागद ठेवून तो यंत्रात दाबला, की शाईचा ठसा त्यावर उमटे. हा ठसा उलटा असला, तरी कागद पातळ असल्याने तो मागील बाजूने सुलटा वाचता येई. पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील असताना जेफर्सनने १७८५ मध्ये असे यंत्र मिळविले. जवळजवळ वीस वर्षे त्याच्या पत्रांच्या नकला प्रामुख्याने याच पद्धतीने निघत राहिल्या. मात्र असे ठसे पुसट होत जातात. आज त्यांतील काही वाचणे अत्यंत कठीण झाले आहे.

राष्ट्राध्यक्षपदावर असताना १८०४ पासून तो ‘पॉलिग्राफ’ हे यंत्र वापरू लागला. जॉन आयझॅक हॉकिन्झ याने शोधलेल्या व चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने सुधारलेल्या या यंत्रात दोन लेखण्या सांध्यांच्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असत. एक लेखणी हातात धरून लिहू लागले, की दुसरी लेखणी शेजारच्या कागदावर तीच अक्षरे उमटवी. परिणामतः मूळ पत्र कोणते व नक्कल कोणती, हे ओळखणे अवघड जाते. पीलशी सतत पत्रव्यवहार करून जेफर्सन यंत्रात सुधारणा सुचवीत असे आणि अखेरपर्यंत त्याने त्याचा उपयोग केला.

नकलांना त्याने एका नोंदवहीची जोड दिली. नोव्हेंबर १७८३ पासून जून १८२६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपूर्वी थोडे दिवस आधीपर्यंत, पाठविलेल्या व आलेल्या प्रत्येक पत्राची नोंद त्याने तारीखवार ठेवली. ही आवक-जावक नोंदवही ६५६ पानांची आहे. तिच्यामुळे कोणती पत्रे उपलब्ध आहेत, एवढेच नव्हे, तर कोणती हरवली आहेत, हेही सांगता येते. एखाद्या व्यक्तीच्या खाजगी दप्तराला अशी सूची लाभणे फारच विरळा.

संग्रहाचे स्वरूप : या दप्तराचे ढोबळमानाने तीन भाग पडतात : सार्वजनिक कागद, पत्रव्यवहार आणि घरगुती नोंदी.

सार्वजनिक कागदांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफर्सनने ‘मूळ कच्चा मसुदा’ म्हणून जतन केलेला खर्डा सर्वश्रेष्ठ होय. त्यावर जॉन ॲडम्स व बेंजामिन फ्रँक्लिन यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या दिसतात. कोणती दुरुस्ती कोणाची, हे जेफर्सनने पुढे समासात नोंदविले. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास दोषी धरणारा एक दीर्घ परिच्छेद या मसुद्यात आहे. काँग्रेसने तो गाळला. अंतिम जाहीरनाम्यात नसलेला हा मजकूर जगाला कळला, तो प्रामुख्याने जेफर्सनने जपलेल्या कागदांमुळे. याहूनही आधीच्या एका खर्ड्याचा तुकडा १९४७ मध्ये त्याच्या कागदांतच ओळखण्यात आला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये जाहीर केलेल्या परीक्षणानुसार, कच्च्या मसुद्यात एके ठिकाणी जेफर्सनने प्रथम ‘प्रजाजन’ या अर्थाचा शब्द लिहिला होता. शाई ओली असतानाच तो पुसून त्यावर ‘नागरिक’ या अर्थाचा शब्द लिहिला. निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांनी खालचा शब्द उघड केला. राजनिष्ठ प्रजा ते स्वतंत्र नागरिक या स्थित्यंतराची इतकी मूर्त खूण क्वचितच आढळते.

‘अनास’ या नावाने ओळखली जाणारी टिपणे याच भागात मोडतात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री असताना व त्यानंतरही ऐकलेली संभाषणे, मंत्र्यांमधील वाद आणि अलेक्झांडर हॅमिल्टनच्या धोरणांविषयीचे आक्षेप जेफर्सनने चिटोऱ्यांवर टिपून ठेवले होते. सरन्यायाधीश जॉन मार्शल याने वॉशिंग्टनच्या चरित्रात (१८०४–०७) फेडरॅलिस्ट पक्षाची बाजू मांडली. तिला उत्तर म्हणून जेफर्सनने १८१८ मध्ये ही टिपणे पुन्हा तपासली, काही गाळली आणि उरलेल्यांना प्रस्तावना जोडली. आपल्यामागे इतिहास कसा लिहिला जावा, याची चिंता त्याला होती आणि कागदांची निवड करून त्याने त्यावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला. म्हणून ‘अनास’मधील मजकूर इतर साधनांशी ताडून पाहिल्याशिवाय प्रमाण मानला जात नाही. १८२१ मध्ये लिहिलेले त्याचे त्रोटक आत्मचरित्रही १७९० पर्यंतच येऊन थांबते.

पत्रव्यवहाराची व्याप्ती विलक्षण आहे. जेम्स मॅडिसनबरोबरचा त्याचा पत्रव्यवहार सु. अर्धशतकाचा असून अमेरिकन संविधान व नागरिकांच्या हक्कांची सनद यांच्या घडणीविषयी तो मूलभूत मानला जातो. जॉन ॲडम्सशी त्याची मैत्री पक्षीय राजकारणामुळे तुटली होती. फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांच्या मध्यस्थीने १८१२ मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि पुढील चौदा वर्षांत दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रांची देवघेव झाली. त्यांपैकी ॲडम्सची पत्रे जेफर्सनच्या पत्रांच्या दुपटीहून अधिक आहेत. क्रांती, धर्म, वार्धक्य आणि मृत्यू अशा विषयांवरील या चर्चेचा शेवट १८२६ मध्ये झाला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ४ जुलै रोजी, दोघांचेही निधन झाले.

गुप्त लिपीतील पत्रे हा एक स्वतंत्र विषय आहे. टपाल फोडले जाण्याच्या भीतीने जेफर्सन व त्याचे सहकारी सांकेतिक अंक वापरीत. प्रत्येकावर वर्णमालेतील अक्षरे कोरलेल्या ३६ चकत्यांच्या एका सांकेतिक यंत्राची त्याने केलेली रचना १९२२ मध्ये त्याच्या कागदांत सापडली. तत्सम यंत्र अमेरिकन लष्कराने त्याच सुमारास स्वतंत्रपणे वापरात आणले होते. गणिताचा प्राध्यापक रॉबर्ट पॅटर्सन याने १८०१ मध्ये त्याला पाठविलेला एक सांकेतिक मजकूर दोनशे वर्षे अनुकलित राहिला होता. २००७ मध्ये तो उलगडला, तेव्हा तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच आरंभ असल्याचे दिसून आले.

घरगुती नोंदींत १७६७ ते १८२६ या काळातील जमाखर्चाच्या स्मरणवह्या, १७६६ मध्ये सुरू केलेली बागेची वही व १७७४ मध्ये सुरू केलेली शेतीची वही या प्रमुख होत. ४ जुलै १७७६ या तारखेखाली स्मरणवहीत राष्ट्राच्या जन्माचा उल्लेख नाही. त्या दिवशी विकत घेतलेल्या तापमापकाची आणि स्त्रियांच्या हातमोज्यांच्या सात जोडांची किंमत मात्र तीत नोंदविली आहे. फिलाडेल्फियातील त्या दिवसाचे तापमानही त्याने हवामानाच्या नोंदींत टिपून ठेवले. माँटिसेलो येथील निवासस्थान व व्हर्जिनिया विद्यापीठ यांचे त्याने काढलेले आराखडे वास्तुकलेच्या इतिहासकारांना उपयुक्त ठरले. फिस्क किंबल याने त्यांवर आधारलेला ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या समाधिस्तंभाचे रेखाचित्र व त्यावरील लेखही जेफर्सनने कागदावर उतरवून ठेवला होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याविषयीचा व्हर्जिनियाचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ या तीनच गोष्टींचा त्यात निर्देश आहे, राष्ट्राध्यक्षपदाचा नाही.

नष्ट झालेले कागद : एवढ्या दक्ष संग्राहकाच्या दप्तरातही मोठी खिंडारे आहेत. पत्नी मार्था हिचे ६ सप्टेंबर १७८२ रोजी निधन झाले. दहा वर्षांच्या वैवाहिक जीवनातील पतिपत्नींमधील एकही पत्र आज उपलब्ध नाही. जेफर्सननेच ती पत्रे नष्ट केली, असे सामान्यतः मानण्यात येते. दुसरी हानी अपघाताने झाली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांचे परस्परसंबंध शोधून काढावेत, म्हणून त्याने तीस वर्षांत सु. पन्नास भाषांतील शब्दसूची गोळा केल्या होत्या. ठराविक शब्दांची छापील यादी तो माहीतगार व्यक्तींकडे पाठवी व त्यांपुढे स्थानिक प्रतिशब्द भरून घेई. १८०९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर त्याचे सामान जेम्स नदीतून नावेने नेले जात असता ज्या पेटीत या सूची होत्या, ती चोरीस गेली. आत मौल्यवान काही नाही, हे पाहून चोराने कागद नदीत फेकून दिले. चिखलाने माखलेली थोडी पाने किनाऱ्यावर मिळाली. ती त्याने फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे पाठविली. या सूचींची दुसरी प्रत नव्हती. ज्या भाषांचा त्यांत समावेश होता, त्यांपैकी काही पुढे बोलणाऱ्यांअभावी लोप पावल्या. कागदांच्या प्रती वाढविण्याविषयी त्याने स्वतःच सांगितलेला नियम येथे पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत भाषाशास्त्राला मोजावी लागली.

मृत्यूनंतरचा प्रवास : मार्च १८२६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात जेफर्सनने आपले सर्व कागद थोरला नातू टॉमस जेफर्सन रँडॉल्फ याच्या स्वाधीन केले. त्या वेळी जेफर्सनवर १,०७,००० डॉलरहून अधिक कर्ज होते. कर्जफेडीसाठी जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर लिलाव झाला. जाहिरातीत घरसामान, जनावरे व शेतीची अवजारे यांच्याबरोबर १३० गुलामांची विक्री घोषित करण्यात आली होती. त्यांतील अनेक कुटुंबांची कायमची ताटातूट झाली. कागदपत्रांच्या प्रकाशनाकडेही कुटुंब कर्जफेडीचे एक साधन म्हणून पाहत होते. जेफर्सनची कन्या मार्था रँडॉल्फ व तिच्या मुली यांनी पुसट नकला वाचून त्या लिहून काढण्याचे कष्टप्रद काम केले आणि १८२९ मध्ये चार खंडांची पहिली आवृत्ती शार्लट्सव्हिल येथे निघाली. आत्मचरित्र, ‘अनास’ आणि निवडक पत्रे तीत होती. विरोधकांविषयीची कडवट मते व धर्मविषयक मोकळे विचार यांमुळे तिच्यावर जोरदार टीका झाली.

१८४८ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक स्वरूपाचे कागद रँडॉल्फकडून २०,००० डॉलरना विकत घेतले व ते परराष्ट्र खात्याच्या ताब्यात दिले. खाजगी कागद कुटुंबाला परत करावेत, असे ठरले होते. तथापि सार्वजनिक व खाजगी यांची सीमारेषा आखण्याचे काम संपादकाच्या मर्जीवर राहिले. परिणामी एकाच व्यक्तीला लिहिलेली पत्रे दोन ठिकाणी विभागली गेली. कुटुंबाकडे परत आलेल्या कागदांच्या आधारे जेफर्सनची पणती सेरा रँडॉल्फ हिने १८७१ मध्ये त्याच्या कौटुंबिक जीवनाचे चरित्र लिहिले. पणतू टॉमस जेफर्सन कूलिज याने १८९८ मध्ये खाजगी कागदांचा मोठा भाग मॅसॅचूसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देणगी म्हणून दिला. व्हर्जिनियातील शेतीची वही मॅसॅचूसेट्समध्ये का आहे, याचा उलगडा या कौटुंबिक संबंधातून होतो. परराष्ट्र खात्याकडील कागद राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट याच्या १९०३ मधील आदेशानुसार लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सुपूर्त करण्यात आले. ज्या ग्रंथालयाचा पाया १८१५ मध्ये विकत घेतलेल्या जेफर्सनच्या ६,४८७ ग्रंथांनी नव्याने घातला गेला, तेथेच त्याचे कागदही येऊन पोहोचले.

आवृत्त्या : सरकारच्या वतीने हेन्री ए. वॉशिंग्टन याने नऊ खंडांची आवृत्ती (१८५३–५४) संपादित केली. तिच्यात पाठाच्या चुका पुष्कळ आहेत. पॉल लेस्टर फोर्ड याच्या दहा खंडांत (१८९२–९९) मूळ हस्तलिखितांशी अधिक प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेली वीस खंडांची आवृत्ती आकाराने मोठी असली, तरी तिचा पाठ फारसा विश्वसनीय नाही. या सर्व आवृत्त्यांत निवड राजकीय लेखनाकडे झुकलेली होती आणि जेफर्सनला आलेली पत्रे बहुधा वगळलेली होती. त्यामुळे संभाषणाची एकच बाजू वाचकापुढे येई.

जेफर्सनच्या द्विजन्मशताब्दीच्या निमित्ताने १९४३ मध्ये नव्या आवृत्तीची कल्पना पुढे आली. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने आपला दिवंगत प्रकाशक ॲडॉल्फ ऑक्स याच्या स्मरणार्थ २,००,००० डॉलरची देणगी दिली. प्रिन्स्टन विद्यापीठात जूल्यन पी. बॉइड याच्या संपादकत्वाखाली काम सुरू होऊन पहिला खंड १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. जेफर्सनने लिहिलेला व त्याला आलेला प्रत्येक कागद छापणे किंवा निदान त्याची नोंद देणे, जगभरच्या संग्रहांतून छायाप्रती जमविणे, मसुदा, पाठविलेले पत्र व नक्कल यांतील पाठभेद दाखविणे आणि विस्तृत टीपा जोडणे, ही या आवृत्तीची वैशिष्ट्ये होत. मूळ कागद विखुरलेले असले, तरी त्यांच्या प्रती एके ठिकाणी आणून दप्तर पुन्हा जुळविण्यात आले. ही पद्धती अमेरिकेत आदर्श ठरली. फ्रँक्लिन, ॲडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन व वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांच्या आवृत्त्या त्यानंतर सुरू झाल्या. बॉइड १९८० मध्ये मरण पावला. त्याच्या पश्चात इतर संपादकांनी काम पुढे चालविले असून प्रिन्स्टन आवृत्तीचे चाळीसहून अधिक खंड निघाले आहेत. १८०९ नंतरच्या निवृत्तिकाळातील कागदांची स्वतंत्र मालिका माँटिसेलो येथे संपादित होत असून तिचा पहिला खंड २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या सर्व आवृत्त्यांचा मजकूर संगणकाद्वारे विनामूल्य खुला केला आहे.

राजकीय वाद : जेफर्सनची खाजगी पत्रे त्याच्या हयातीतच वादाचे कारण झाली. टॉमस पेनच्या मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथाची प्रत १७९१ मध्ये मुद्रकाकडे पाठविताना त्याने लिहिलेली चिठ्ठी मुद्रकाने परस्पर प्रस्तावना म्हणून छापली. तीत ॲडम्सच्या मतांवर अप्रत्यक्ष टीका असल्याने दोघांत वितुष्ट आले. पेनच्या याच ग्रंथाचा प्रभाव पुढे महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांच्यावर पडला. त्यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १७९६ मध्ये फिलिप मात्सेई या इटालियन मित्राला लिहिलेल्या पत्राचे इटालियन, फ्रेंच व पुन्हा इंग्रजी असे रूपांतर होऊन ते १७९७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत झळकले. ब्रिटिश शासनाच्या बाह्य उपचारांवरील मूळ टीका या प्रवासात एका अनेकवचनाचे एकवचन होऊन शासनाच्या स्वरूपावरील टीका बनली. वॉशिंग्टनवरील आरोप म्हणून ते पत्र वाचले गेले आणि त्यानंतर दोघांत पत्रव्यवहार झाला नाही. खरा पाठ जेफर्सनच्या दप्तरातील नकलेवरूनच निश्चित करता आला.

मृत्यूनंतरही त्याचे कागद राजकारणात ओढले गेले. केंटकी राज्याने १७९८ मध्ये संमत केलेल्या ठरावांचा मसुदा गुप्तपणे जेफर्सनने तयार केला होता. संघराज्याचा कायदा घटनाबाह्य असल्यास राज्याने तो निष्प्रभ ठरवावा, हा विचार त्याच्या हस्ताक्षरातील मसुद्यात असल्याचे १८३२ मध्ये उघड झाले. त्याच वेळी दक्षिण कॅरोलायना राज्य जकात-कायद्याविरुद्ध असाच हक्क सांगत होते. त्यामुळे मसुद्यातील त्या शब्दाला राजकीय शस्त्राचे स्वरूप आले. याउलट, डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळींना १ जानेवारी १८०२ रोजी त्याने पाठविलेल्या उत्तरातील, धर्मसंस्था व राज्य यांच्यामधील भिंतीची प्रतिमा सर्वोच्च न्यायालयाने १८७९ व १९४७ मधील निकालांत उद्‌धृत केली. एका पत्राला अशा रीतीने घटनात्मक भाष्याचा दर्जा मिळाला. या पत्राच्या मसुद्यातील खोडलेल्या ओळी १९९८ मध्ये वैज्ञानिक परीक्षणाने वाचण्यात आल्या आणि पत्रामागील हेतूविषयीच्या चर्चेला नव्याने चालना मिळाली.

गुलामगिरीविषयक साधने : शेतीच्या वहीतील पहिल्या नोंदींत १७७४ च्या जानेवारीतील गुलामांची यादी आहे. सासरे जॉन वेल्स यांच्या मृत्यूनंतर १३५ गुलाम जेफर्सनच्या वाट्याला आले होते. आयुष्यभरात त्याच्या मालकीत सहाशेहून अधिक माणसे होती. या वहीत त्यांची नावे, जन्मवर्षे, मातांची नावे, राहण्याचे ठिकाण, वाटलेले कापड, घोंगड्या व मासळी यांच्या नोंदी आहेत. खिळ्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलांपैकी कोण किती खिळे घडवितो व किती लोखंड वाया घालवितो, याचाही हिशेब आहे. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या या नोंदी आज वेगळ्याच कारणाने मोलाच्या ठरल्या आहेत. ज्यांना लिहिण्यावाचण्याची संधी नव्हती व ज्यांचे स्वतःचे कागद नाहीत, अशा कुटुंबांची वंशावळ जुळविण्याचे त्या प्रमुख साधन आहेत. दीर्घकाळ ही वही चरित्रकारांनी दुर्लक्षिली होती. एडविन बेट्स याने तिची हुबेहूब प्रतिकृती १९५३ मध्ये छापली, त्यानंतर तिचा सर्रास वापर होऊ लागला.

पत्रांतही हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. स्वतंत्र कृष्णवर्णीय पंचांगकर्ता बेंजामिन बॅनेकर याने १७९१ मध्ये आपल्या गणितांची प्रत पाठवून जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाची जेफर्सनला आठवण करून दिली. जेफर्सनने सौजन्याने उत्तर दिले. १८०९ मध्ये एका मित्राला लिहिताना मात्र त्याने बॅनेकरच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त केली. दोन्ही पत्रांच्या नकला दप्तरात असल्याने हा विरोध लपत नाही. व्हर्जिनियातील तरुण जमीनदार एडवर्ड कोल्स याने १८१४ मध्ये, गुलामांच्या मुक्तीचे नेतृत्व आपण करावे, अशी त्याला विनंती केली. हे काम तरुण पिढीचे आहे, असे सांगून जेफर्सनने ती नाकारली आणि व्हर्जिनिया सोडून न जाण्याचा सल्ला कोल्सला दिला. कोल्सने तो मानला नाही. १८१९ मध्ये इलिनॉयकडे जाताना त्याने आपल्या गुलामांना मुक्त केले. पुढे तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला.

गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्याशी जेफर्सनचे संबंध असून तिची मुले त्याचीच आहेत, असा आरोप १८०२ मध्ये वृत्तपत्रातून झाला होता. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनात तेच सांगितले. जेफर्सनच्या वंशजांनी ते नाकारले व बहुसंख्य चरित्रकारांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. जेफर्सनच्या पत्रांत सॅलीविषयी जवळजवळ मौन आहे. शेतीच्या वहीत मात्र तिच्या मुलांचे जन्म नोंदलेले आहेत. त्यांच्याशी जेफर्सनच्या वास्तव्याच्या तारखा ताडून पाहता, प्रत्येक गर्भधारणेच्या सुमारास तो माँटिसेलो येथे होता, असे १९६८ मध्ये विन्थ्रॉप जॉर्डन याने निदर्शनास आणले. ॲनेट गॉर्डन-रीड हिने १९९७ मध्ये उपलब्ध पुराव्याची चिकित्सा करून चरित्रकारांचा दुजाभाव दाखवून दिला. १९९८ मधील आनुवंशिक चाचणीने सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी नाते सिद्ध केले. एवढ्याने विशिष्ट व्यक्ती निश्चित होत नसली, तरी लिखित नोंदींशी त्याची सांगड घालून माँटिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने जानेवारी २००० मध्ये जेफर्सनच्या पितृत्वाची शक्यता फार मोठी असल्याचा निष्कर्ष काढला. काही अभ्यासकांना तो मान्य नाही. जेफर्सनच्या मृत्युपत्राने ज्या पाच गुलामांना मुक्त केले, त्यांत मॅडिसन व एस्टन होते. तिची बेव्हर्ली व हॅरिएट ही दोन मुले १८२२ मध्ये माँटिसेलो सोडून गेली. शेतीच्या वहीत त्यांच्या नावांपुढे ती पळून गेल्याची नोंद आहे. त्यांचा पाठलाग मात्र करण्यात आला नाही.

मूल्यमापन : जेफर्सनने आपले कागद भावी पिढ्यांसाठी जाणीवपूर्वक राखले. जे त्याला सांगावयाचे होते, ते त्याने आत्मचरित्रात व ‘अनास’मध्ये मांडले. जे सांगावयाचे नव्हते, ते पत्नीच्या पत्रांप्रमाणे नाहीसे झाले असावे. परंतु हिशेब ठेवण्याची त्याची सवय त्याच्या हेतूंपेक्षा बलवत्तर ठरली. त्याच्या मृत्यूनंतर पहिली शंभर वर्षे हे दप्तर मुख्यतः राजकीय तत्त्वज्ञानाचा खजिना म्हणून वाचले गेले आणि प्रत्येक पक्षाने त्यातून सोयीचे उतारे निवडले. समग्र आवृत्तीमुळे असे सोयीस्कर वाचन कठीण झाले. पत्राशेजारी उत्तर, मसुद्याशेजारी खोडलेला शब्द आणि तत्त्वाशेजारी व्यवहाराची नोंद येऊन बसली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा आणि शेतीची वही या दोन्हींचे अक्षर एकच आहे. यांपैकी एकच कागद उरला असता, तर जेफर्सनचे आणि त्याने घडविलेल्या प्रजासत्ताकाचे चित्र अपुरे राहिले असते.